हिरेमठ सरांचा बसण्णा

बादली मागायला पहिल्यांदा खाली गेलो, तेव्हा हिरेमठ सर न्हाणीघरातल्या पिंपावर वाकून विचारत होते, "काय बसण्णा, झोप लागली का नीट?" मी वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. पिंपात माणूस मावेल असं वाटेना, म्हणून डोकावलो. काळपट, बिनखवल्याचा, लांब मिशांचा एक मासा वर आला, त्यानं तोंडानं हवा गिळली आणि पुन्हा तळाला गेला.

"मागूर," सर म्हणाले. "नुसत्या कल्ल्यांवर याचं भागत न्हाई. कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो, त्यानं हवेतला श्वास घेतो. वर येऊ दिलं न्हाई, तर मासा असून बुडून मरतो की हा!"

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घर शुद्ध शाकाहारी. कुणी टोकलं की म्हणायचे, "मी मासे खात न्हाई, म्हणून तर त्यांच्या नजरेला नजर देऊ शकतो." पावसात मागूर डबकं सोडून जमिनीवरून कसा सरकत जातो, हे ते एकदा मला ओसरीवर पालथं पडून, कोपरांवर रेटा देत दाखवत होते. तेवढ्यात दूधवाला आला. तो दूध न घालताच परत गेला.

हा मासा घरात आला आणि सरांची बायको म्हणजे हिरेमठ काकू, त्यांचे भाऊ, वैरागचे बसण्णा, भडकले. "पाण्याच्या पिंपात मासा? त्यो हाय तवर ह्या घरात पाय ठेवणार न्हाई." तोवर मेव्हण्या-मेव्हण्यांचा रोज फोन असायचा, तोही बंद झाला. सरांनी मासा ठेवला आणि मेव्हण्याचं नाव माशाला दिलं. काकूंच्या कानावर ते नाव जाऊ दिलं नाही. सर हट्टी होते, पण बसण्णांवाचून त्यांना करमत नव्हतं, हे मला दिसायचं.

एकदा काकू अक्कलकोटला गेलेल्या. नळाला पाणी आलं, पिंप काठोकाठ भरलं. सर ओसरीवर डुलकी घेत होते. डासांच्या अळ्या तपासणाऱ्या बाई आल्या, उघडं पिंप बघून वैतागल्या आणि झाकण गच्च दाबून गेल्या. पिंपात एकही अळी नव्हती, सगळ्या बसण्णा खायचा. जाग आल्यावर सरांनी झाकण काढलं, तर मासा तळाशी निपचित. सरांनी रडतच मला हाक मारली. "उथळ भांडं पाहिजे! काकूला विचार, मोठी परात कुटंय?"

मी फोन लावला. "काकू, बसण्णाचा श्वास कोंडलाय! सर रडतायत. मोठी परात कुठंय?"

"परात?" एवढंच म्हणून काकूंनी हंबरडा फोडला आणि फोन कट झाला.

आपला भाऊच गेला असं समजून त्यांनी थेट वैरागला भावजयीला कळवलं. बसण्णा बाजारात तुरीचा भाव करत होते, तिथं माणसं त्यांना त्यांचीच बातमी द्यायला धावली. ते तसेच मोटरसायकलवर बसले. आम्ही परात शोधून तासभर माशाला सावध करतोय, तोच ते दारात उभे.

"दाजी, मी हितं मेलोय म्हनं. कुटं हाय मी?"

सरांनी परातीकडं बोट दाखवलं. "ह्यो काय. पण वाचलास."

बसण्णांनी आधी माशाच्या मिशा पाहिल्या, मग स्वतःच्या चाचपल्या. "ह्याला माझं नाव?"

"तू बोलत नव्हतास," सर म्हणाले, "मग रोज बोलायचं कुणाशी?"

बसण्णा परातीशेजारी बसले. मिशीला पीळ देत म्हणाले, "पर दाजी, माझ्या मिशा ह्याच्यापरीस लई बऱ्या हायत." सरांनी ते मान्य केलं. मग मी चहा टाकला. काकू रडत पोहोचल्या, तेव्हा दोघं परातीच्या दोन बाजूंना बसून हसत होते. काकूंना आवरायला मला बराच वेळ लागला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. काकूंना त्या पिंपाकडं बघवेना. बसण्णा प्लॅस्टिकचा कॅन घेऊन आले. मी तो गळ्यापर्यंत भरायला लागलो, तसे म्हणाले, "अर्धाच भर. वर हवा राहू दे, गुदमरंल की." मासा त्यांनी आपल्या शेतातल्या हौदात नेऊन सोडला.

परवा वैरागला गेलो होतो. बसण्णा हौदावर वाकून उभे होते. मी मागं आहे, हे त्यांना कळलं नव्हतं.

"दाजी, या की वर," ते म्हणत होते. "कवापास्नं वाट बघतोय."