बादलीतला रॉड आणि आईचा हात

माणगावकर मंडळी, आज सकाळी घरात जे झालं ते तुम्हाला कळावं, म्हणून लिहितेय.

आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी मनात आलं तर येतं. सेक्रेटरींना विचारलं की "माणूस बोलावलाय" हे ठरलेलं. आजही नळाला गारच पाणी, म्हणून आईने बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला.

तेवढ्यात लाईट गेली. मी बाथरूममध्ये डोकावले तर आई बादलीत हात घालून पाणी तापलं का बघतेय. रॉड आतच आणि बटण चालू!

मी किंचाळले, "आई, हात काढ!"

"अगं, लाईट न्हाय ना, मग कसला शॉक?" म्हणत तिने हात पदराला पुसला आणि डोक्यावरचा बल्ब पेटला.

मी आधी धावत जाऊन बटण बंद केलं.

"कोमट झालंय," आई हळूच म्हणाली.

तुमच्याकडे गरम पाणी रोज येतं का? नसेल, तर घरातली म्हातारी माणसं काय करतात, एकदा बघा.

रॉड मी बाथरूमवरच्या माळ्यावर टाकलाय. पण उद्या मी कामावर गेल्यावर नळाला गार पाणी आलं, तर आई स्टुलावर चढणार, हे मला आत्ताच दिसतंय.