करवलीची साडी

दत्तू गेल्याचं कळलं तेव्हा मी निपाणीत आमच्या कांडप यंत्रापाशी उभी होते. संकेश्वरी मिरची कांडायला घातली होती. फोन वडगावहून, त्याच्या पुतण्याचा. "आक्का, काका दुपारी जेवून आडवं झालते, ते उठलंच न्हाईत." मी यंत्र बंद केलं, गिऱ्हाइकाचं तिखट चाळून बांधून दिलं आणि बेळगावची बस धरली. शेजारणींनी गावभर सांगितलं, आक्का रडत गेल्या. मिरचीत उभ्या असलेल्या बाईचे डोळे बघून लोक काहीही म्हणतात... आता महिना उलटून गेला. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी दत्तूवर लिहायला सांगितलंय. मी त्याच्याबद्दल चांगलंच लिहीन असं त्यांना वाटतंय. बघू.

दत्तू कोण, हे सिनेमा पाहिलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. माझा थोरला भाऊ, अण्णा, आमच्या गावात नगरसेवक होता आणि एकदा नगराध्यक्षही झाला. बेळगावातल्या वडगावचा विणकर दत्तू हा त्याचा जोडीदार. दोघं एका घरात राहिले, तिथंच म्हातारे झाले. एका प्रचारसभेत मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, लगीन का केलं न्हाईसा?" अण्णा माइकवरून म्हणाला, "केलंय की! तुमास्नी जेवाय बोलवायचं राहिलं, एवढंच," आणि त्यानं कडेला उभ्या असलेल्या दत्तूकडं हात केला. ती निवडणूक अण्णा हरला, पुढची जिंकला. त्या सभेत मी पहिल्या रांगेत बसले होते. लोक गार पडले, मी पेटले. संशय मला कधीपासून होता, पण जे स्वयंपाकघरात बसून बहिणीला आधी सांगायचं, ते मला सगळ्या गावाबरोबर कळलं. दत्तूला अर्थातच आधी ठाऊक होतं. तेव्हापासून माझा दत्तूवर दात. अण्णाला बरं नसलं की डॉक्टर औषधांचं त्याला विचारायचे. अण्णाचा चष्मा कुठं आहे ते त्याला माहीत. वर, वयानं माझ्याहून मोठा असून मला "आक्का, आक्का" करायचा. भांडायला जागाच ठेवायचा नाही.

अण्णा गेल्यानंतर काही वर्षांनी त्या दोघांवर सिनेमा निघाला. बेळगावला लागला तेव्हा आमचं अर्धं गाव गाड्या करून गेलं. कुणी म्हणालं गावाचं नाव घालवलं, कुणी म्हणालं नाव काढलं; तिकिटं दोघांनीही काढली होती. मध्येच रागानं उठून गेलेले दोघे मध्यंतरानंतर सामोसे घेऊन परत आले. शेवटी टाळ्या पडल्या. आमच्या गल्लीतली शांता मला म्हणाली, "आक्का, सिनेमात तुमी लई बारीक दिसता हो. आन् दारात हुबं राहून किती रडता!" मी म्हटलं, "दारात हुबं राहून मी भांडते गं, रडत न्हाय." दोन प्रसंगांत मला आटोपलं होतं. बाकी सगळा दत्तू. बाहेर कॉलेजच्या पोरी त्याच्याभोवती गोळा झाल्या आणि एकीनं माझ्या हातात मोबाइल दिला, "काकू, जरा आमचा फोटो काढता?" काढला. दत्तूचं डोकं कापलं गेलं असेल तर माझा इलाज नाही.

पण खरा राग त्याचा नव्हता. सिनेमात एक प्रसंग आहे. अण्णा बहिणीनं दिलेला डबा घरी आणतो, उघडतो, तोंड वाकडं करतो. "परत शेपू!" म्हणतो आणि डबा दत्तूपुढं सरकवतो. थिएटर हसलं. मी नाही हसले. अण्णा घरी यायचा म्हटलं की मी शेपू करायचे, लसूण घालून, मूगडाळ घालून. तो बोटं चाटून खायचा, वर डबा मागून न्यायचा. माझ्या सख्ख्या भावाला शेपू आवडत नव्हती, हे मला पाचशे लोकांत पडद्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी वडगावला गेले; अण्णामागं दत्तू तिथं पुतण्याकडं राहायचा. दत्तू मागाशेजारी बसला होता. त्याचा माग कधीचा बंद होता, पण शूटिंगसाठी त्या लोकांनी ताण्याचे उभे धागे चढवून दिले होते, ते तसेच होते. मी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "त्याला शेपू आवडत नव्हती?"

"न्हाय ओ, आक्का."

"मग डबा?"

"मी खायाचो. तुमच्या हातची मला लई आवडायची."

म्हणजे इतकी वर्षं मी शेपू निवडत होते ती याच्यासाठी. माझं डोकं फिरलं. "सगळं तूच घेतलंस," म्हटलं. "भाऊ घेतलास, सिनेमा घेतलास, डबासुद्धा खाल्लास. मला काय मिळालं रं? भावाच्या लग्नात करवलीला मान असतो, मला साधा कऱ्हा हातात धराय मिळाला न्हाय." दत्तू उठून आत गेला. पाणी दिलं, ते मी प्यायले नाही. तहान लागली होती...

दिवाळी झाल्यावर तो बसनं आमच्याकडं आला, हातात कागदात गुंडाळलेली साडी. हिरवी, तांबड्या काठांची. त्या सिनेमाच्या ताण्यावर त्यानं स्वतः विणली होती. गुडघे दुखत होते, बसवत नव्हतं, तरी. "करवलीचं राहिलतं, आक्का," म्हणाला. "लई उशीर झाला." मी साडी उजेडात धरून पाहिली. काठ जरा जाड झालाय, म्हटलं. "व्हय," म्हणाला, "हात न्हाय ऱ्हायला पयल्यासारखा." त्या दिवशी घरात वांगी होती. ती तशीच ठेवून मी बाजारातून शेपू आणली. त्यानं दोनदा मागून घेतली. मी समोर बसून बघत होते आणि तेव्हाही माझ्या मनात आलं, असं अण्णानं एकदा तरी खरं खाल्लं असतं तर.

गेल्या आठवड्यात गावात दत्तूची शोकसभा झाली. टेबलावर दोन फोटो होते, अण्णाचा आणि दत्तूचा, शेजारी शेजारी, दोघांना सारखे हार. मी ती हिरवी साडी नेसून गेले. एक नगरसेविका कानाशी आली, "आक्का, शोकसभेला एवढी भारी साडी?"

"भावाच्या लग्नातली हाय," म्हटलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

साडी आता घडी करून कपाटात ठेवली आहे. काठ अजून पायाला टोचतो. मऊ पडायला आणखी चार-पाचदा तरी नेसावी लागेल.