कुंडमच्या मोडेमचा दिवा

भानुमती काळमेघ खमरियाहून सव्वानऊच्या बसने ऑफिसात पोचायच्या आणि आधी मोडेमवरचं कापड काढायच्या. लाकडाचे डेपो चालवणाऱ्या एका महामंडळाचं ते जबलपूर कार्यालय. १९९५ साली तिथे हे मोडेम आलं आणि टेलिफोनच्या तारांनी कुंडमचा डेपो जोडला गेला. एक काळी पेटी, अक्षरं उमटणारी दोन ओळींची हिरवी पाटी, चार बटणं, आणि पलीकडून लाइन लागलेली असली की जळणारा एक दिवा. तशीच पेटी कुंडमला. बसवणारा माणूस अर्धा दिवस शिकवून गेला तो पुन्हा फिरकला नाही. बाकीचे पेटीपासून लांबच राहिले. भानुमतीबाईंनी इंग्रजी पुस्तक घरी नेऊन वाचलं. बाणाने यादीत खाली उतरायचं, मधल्या बटणाने आत शिरायचं, चुकलं तर डावीकडच्या बटणाने बाहेर. महिनाभरात त्यांची बोटं पाटीकडे न बघता चालू लागली. ऑफिसात त्यांना 'मोडेमवाली दीदी' म्हणत, आणि ते त्यांना आवडायचं.

कुंडमच्या टोकाला पुंडलिक नंदनवार होते. पंचवीस वर्षं आवारात ओंडके मोजले, मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खात्याची परीक्षा देऊन ऑपरेटर झाले. चार वाजता जबलपूरहून हाक गेली की त्यांनी दिवसाचे आकडे पाठवायचे. मे महिन्यात आकडे येईनासे झाले. डेपोत बोलायचा फोन नव्हता, तारा फक्त मोडेमपुरत्या होत्या. पुंडलिकराव आकड्यांची चिठ्ठी संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि स्टँडवरून फोन करायचे.

"ताई, दुपारून दिवा विझून राह्यला जी."

"इथला तर जळून राह्यला, पुंडलिकभाऊ. भलतं बटण दाबलं असंल."

"हातच नाही लावला. सकाळी असते, दोन वाजले का जाते. मी समोर बसूनच पाहून राह्यलो."

चिठ्ठ्या साचत गेल्या. कार्यालयाचे प्रमुख भय्यासाहेब वैतागले. एका शुक्रवारी तीन वाजता ते भानुमतीबाईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "मशीन बिघडलंय की माणूस? आज मला लेखी हवं. माणूस असेल तर बदलून टाकू."

चाचण्यांच्या यादीत दोन ओळी होत्या. वरची 'लोकल', खालची 'रिमोट'. बाईंनी खालची निवडली. पाटीवर आलं : उत्तर नाही. पुन्हा केली. उत्तर नाही.

"काय, जमत नाही का?" भय्यासाहेब म्हणाले.

"जमतं ना, सर."

त्या एक पायरी वर गेल्या आणि 'लोकल' दाबलं. दोन मिनिटं आकडे धावले. चुका : शून्य.

"अच्छा! चलो, लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. मोडेम ठीक, लाइन ठीक. पंधरा दिवसांत पुंडलिकराव पुन्हा आवारात ओंडके मोजायला गेले आणि त्यांच्या खुर्चीवर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला एक तरुण बसला.

त्याचाही पहिला फोन आला तो हाच. दीदी, दोपहर में बत्ती चली जाती है.

त्या संध्याकाळी भानुमतीबाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं. लोकल चाचणीत इशारा पेटीतून बाहेर पडतच नाही, आतल्या आत फिरून परत येतो, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे त्यांनी फक्त स्वतःचीच पेटी तपासली होती. खरी चाचणी खालची होती, आणि तिने दोनदा खरं सांगितलं होतं. कुंडमकडे जाणाऱ्या तारांची जोडी वेगळी, तिकडून येणाऱ्यांची वेगळी; तुटत होती ती जाणारी, येणारी शाबूत होती. म्हणूनच इथला दिवा जळत होता. लाइनमनला कुंडमच्या रस्त्यावरच्या एका खांबावर तारेचा सैल जोड सापडला. सकाळी तो धरायचा, उन्हाने तार तापली की सुटायचा.

बाईंनी आपल्या आधीच्या अहवालाच्या दुरुस्तीचा कागद लिहिला : दोष लाइनचा, माणसाचा नाही. भय्यासाहेब दौऱ्यावर होते. ते आले तोवर आकडे वेळेवर येत होते, सगळे खूश होते, आणि कोणी काही विचारलं नाही. कागद मोडेमच्या पुस्तकात राहिला. सहा वर्षांनी मोडेम भंगारात गेलं. पुस्तक त्यांनी घरी आणलं.

२००८ च्या हिवाळ्यात पनागरला एका लग्नाच्या पंगतीत पुंडलिकराव त्यांच्या शेजारी येऊन बसले. निवृत्तही आवारातूनच झाले होते. ओळख पटताच हसले. "ताई, तुमचं मशीन चांगलं होतं. मलेच नाही जमलं."

भानुमतीबाईंनी घास खाली ठेवला. "पुंडलिकभाऊ, तुम्हाला जमत होतं. मी चाचणी चुकीची केली. लाइनच खराब होती. पंधरवड्यानं समजलं मला, कागदही लिहिला होता."

"मग?"

"दिला नाही."

वाढपी भाताचं पातेलं घेऊन समोर आला. पुंडलिकरावांनी हातानेच नको म्हटलं.

"म्हणजे दिवा खरंच विझत होता?"

"होता."

त्यांनी डाव्या हाताने चष्मा वर सरकवला. त्यांना राग आला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तुम्ही लिहून दिलं ना, लाइन ठीक म्हणून," ते म्हणाले. "मले वाटलं दिवा जळतच असंल, माझेच डोळे गेले. जबलपूरला चष्मा बदलायला आलो होतो मी, ताई. डॉक्टर म्हणे, नंबर तोच आहे. मी म्हटलं, नाही जी, नीट पाहा."