भोंगा बंद असतानाचा डेटा

निमोण्याच्या शिवेवर, उसाच्या रानाला लागून जो माळ आहे, तिथं एका कॉलेजची रेडिओ दुर्बीण आहे. दुर्बीण म्हटल्यावर लोक नळी शोधतात. ही नुसती जाळीची मोठी थाळी, आभाळाकडं तोंड करून उभी. शेजारी पत्र्याची खोली, आत दोन कॉम्प्युटर. गौतमी ओव्हाळ तिथं प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागली. घर दौंडला. वडील चांगदेव कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, शिफ्टची नोकरी. पोरीनं पुण्याला एम.एस्सी. केलं याचा त्यांना अभिमान होता, पण ती नेमकं काय करते हे त्यांना कुणाला सांगता येत नसे.

काम सांगायला तसं अवघड नाही. आकाशगंगेत हायड्रोजन वायू पसरलेला आहे आणि त्याच्यापासून फार क्षीण रेडिओ लहरी येतात. थाळी त्या गोळा करते, कॉम्प्युटरवर त्यांचा आलेख उमटतो. त्याला स्पेक्ट्रम म्हणतात. वायू असेल तिथं आलेखाला टेकाड येतं, सावकाश चढणारं, सावकाश उतरणारं. पण विजेच्या उपकरणांचा गोंगाटही त्याच थाळीत पडतो, आणि त्याचे सुईसारखे उभे काटे येतात. ते ओळखून सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यावर खूण करायची, की एवढा भाग धरू नका. याला फ्लॅग करणं म्हणतात. पुसायचं काहीच नाही. सगळं फाईलमध्ये तसंच राहतं, फक्त सरासरी काढताना बाजूला ठेवलं जातं. सॉफ्टवेअर स्वतः बरेच काटे पकडतं, पण कधी खऱ्या टेकाडाचा माथाही काटा समजून उडवतं. म्हणून प्रत्येक आलेख माणसानं डोळ्याखालून घालायचा आणि प्रत्येक फ्लॅगला कारण लिहायचं, असा प्रोजेक्टचे प्रमुख विश्वजीत सर यांचा दंडक होता.

खोली शोधताना गौतमीला एक-दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली पाहुण्यांना दिल्याचं ऐकावं लागलं. गावातल्या मुक्ताबाईंनी आडनाव विचारलं नाही. तिखट किती चालतं एवढंच विचारून खोली दिली. मुक्ताबाई आणि त्यांचे मालक हौसराव, दोघंच घरात. मुलगा पिंपरीला कंपनीत. हौसराव पंचायतीचे सदस्य. त्यांचा ऊस थेट माळाला भिडलेला. गौतमी त्यांना आबा म्हणू लागली, मुक्ताबाईंना काकू.

त्या साली ऊसतोड सुरू झाली तसे बिबटे उघड्यावर यायला लागले. हौसरावांनी खेटे घालून गावासाठी एक यंत्र मिळवलं. उसाच्या कडेला खांब, खांबावर कॅमेरा, सोलरचं पॅनल आणि भोंगा. जनावर दिसलं की भोंगा वाजायचा आणि माणसं रानातून बाहेर यायची. त्यानं पहिल्याच आठवड्यात दोनदा माणसं सावध केली. गावानं त्याचं नावच भोंगा ठेवलं.

यंत्र लागलं त्या दिवसापासून गौतमीच्या आलेखावर काट्यांचं रान माजलं. तिनं आणि सरांनी हातातला अँटेना घेऊन माळ पालथा घातला, तेव्हा सापडलं की गोंगाट भोंग्याचा नाही, त्याच्या बॅटरीला चार्ज करणाऱ्या डब्याचा आहे. स्वस्तातलं सर्किट, यंत्र बंद केलं तरच गप्प होणारं. सरांनी यंत्र बसवणाऱ्यांना डबा बदलायला सांगितलं. त्यांनी बदलू म्हणून सांगितलं, कधी ते सांगितलं नाही. यंत्र बंद ठेवा असं सर म्हणाले नाहीत, तीही म्हणाली नाही. ती दुपारभर फ्लॅग करत बसायची. थंडीच्या त्या दिवसांत तिला हवा असलेला आकाशगंगेचा पट्टा दुपारीच माथ्यावर यायचा.

एका संध्याकाळी मेथी निवडताना मुक्ताबाईंनी विचारलं, तोंड का उतरलंय. गौतमीनं सगळं सांगितलं. आकाशगंगेच्या बाहेरच्या कडेला फार विरळ वायू आहे, त्याचं टेकाड दिसायला हवं, पण काटे एवढे की काही उरतच नाही.

"म्हंजी आमच्या डब्यापायी तुझं काम नासतंय व्हय?"

"नासत नाही काकू. थोडं बाजूला ठेवावं लागतं."

"थोडं म्हंजी किती?"

"निम्म्याच्या वर," गौतमी म्हणाली. खरं होतं ते तिनं सांगितलं. मग विषय मेथीच्या भावावर गेला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आलेख एकदम स्वच्छ आला. दुसऱ्या दिवशीही. सर तेव्हा परीक्षेच्या कामात पुण्याला अडकले होते. फोनवर म्हणाले, डबा बदलून गेले असतील. तिलाही तसंच वाटलं. खांब खोलीपासून हाकेच्या अंतरावर होता, पण जाऊन बघावं असं तिच्या मनात आलं नाही. हातात चांगला डेटा येत होता. त्या दुपारांची सरासरी काढली तेव्हा मोठ्या टेकाडाच्या डावीकडं, जिथं आजवर नुसती खरखर होती, तिथं एक बुटका, पसरट उंचवटा उठला. तिनं सरांना चित्र पाठवलं. मग वडिलांना फोन केला. त्यांना कळलं काहीच नाही, पण ते बराच वेळ फोन धरून होते.

त्याच आठवड्यात शेजारच्या पट्ट्यातला ऊस तुटला. मुक्ताबाई दिवस कलायच्या सुमाराला म्हशीला गवत कापायला बांधावर बसल्या होत्या. बिबट्यानं मागून झेप घेतली. उजवा हात दंडापासून त्याच्या जबड्यात गेला. तोडणीवाले कोयते घेऊन ओरडत धावले तेव्हा त्यानं सोडलं. गौतमीला खिडकीतून पळणारी माणसं दिसली. स्क्रीनवरचा आलेख स्वच्छ होता. भोंगा वाजला नव्हता.

मुक्ताबाईंना जीपमधून शिरूरला नेलं, तिथून पुण्याला. दवाखान्याच्या व्हरांड्यात गावची माणसं जमली होती. यंत्रच बोगस, कंपनीवर केस करायची, असं बोलणं चाललं होतं. थोड्या वेळानं हौसरावांनी गौतमीला जिन्याकडं बोलावलं.

"भोंगा खराब नव्हता," ते म्हणाले. "दुपारच्याला म्याच बंद करत व्हतो. तुझं काम सुरू झालं की बंद, तू घरी आलीस की चालू."

"आबा, मी असं कधी म्हणाले नव्हते."

"न्हाई म्हणलीस. हिनं सांगितलं मला. पोरीचं काम नासतंय म्हणली. दिवसाउजेडी कुठं येतंय जनावर, आसं मला बी वाटलं."



जीव वाचला. हात राहिला, पण त्यातली ताकद गेली, बोटं मिटेनात. गौतमीनं माळावर जाणं सोडलं आणि दौंडला घरी येऊन बसली. चांगदेव शिफ्ट संपवून यायचे, तिच्यासमोर चहा ठेवायचे. एकदा ते म्हणाले की त्यांच्या प्लांटमध्येही अलार्म सारखा वाजला की पोरं वैतागतात, पण तो बंद करायचा तर चार जणांना विचारावं लागतं.

"हितं कोणीच कोणाला इचारलं न्हाई," ते म्हणाले. "त्यांनी तुला न्हाई, तू त्यांना न्हाई. सगळ्यांनी चांगल्यापायीच केलं."

तिला त्यानं बरं वाटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ती निमोण्याच्या एसटीत बसली.

तोवर हौसरावांनी ग्रामसभेत उभं राहून सगळं सांगून टाकलं होतं. कुणी तरी मागून म्हणालं, बाहेरची पोरगी घरात ठेवली म्हणून हे झालं. बाहेरची म्हणजे काय हे सगळ्यांना समजलं. हौसराव म्हणाले की बटण त्यांच्या हातानं दाबलंय, बोलायचं ते त्यांना बोला.

गौतमी पत्र्याच्या खोलीत गेली, कॉम्प्युटर लावला आणि त्या स्वच्छ दुपारा एकेक करून सगळ्या फ्लॅग केल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं, भोंगा बंद. नवी सरासरी काढली. बुटका उंचवटा नाहीसा झाला.

विश्वजीत सर आले तेव्हा त्यांना ते दिसलं. त्यांनी खुर्ची ओढली.

"या दिवसांत काटे आहेत?"

"नाहीत."

"थाळी बिघडली होती?"

"नाही सर. मला हे दिवस धरायचे नाहीत."

सरांनी त्या दुपारांचे आलेख एकेक करून पाहिले. मग सावकाश म्हणाले, "डेटा वाईट असेल तर फ्लॅग लावायचा. हा वाईट नाही. तुला जे वाटतंय ते खरं आहे, पण ते या रकान्यात बसत नाही. मी हात लावणार नाही. तू ठरव."

तिला ठरवता येईना. मुक्ताबाई घरी आल्यावर एका सकाळी ती त्यांच्या खाटेजवळ बसली आणि सगळं सांगितलं, फ्लॅगसकट. मुक्ताबाईंनी त्या दिवसांत काय दिसलं ते दाखवायला सांगितलं. गौतमीनं मोबाईलवर जुनं चित्र काढून बोट ठेवलं. मुक्ताबाईंनी डाव्या हातानं मोबाईल धरून पाहिलं.

"एवढंसंच हाय व्हय."

"एवढंसंच."

"आन् हे तू टाकून देनार?"

गौतमीनं मोबाईल परत घेतला.

"त्यानं माझा हात यायचा न्हाई माघारी," मुक्ताबाई म्हणाल्या. "ठेव ते. पर भोंगा आता कुनासाठी बंद करायचा न्हाई. तुझ्यासाठी बी न्हाई."

गौतमीनं त्या दिवशी फ्लॅग काढले.

मग ती पाबळला गेली आणि तिथल्या एका वर्कशॉपमधून चार्जरच्या डब्यावर बसेल आणि त्याचा गोंगाट आत अडवेल अशी पत्र्याची पेटी करून आणली. हौसरावांनी आणि तिनं मिळून ती खांबावर बसवली. ती बसवताना भोंगा थोडा वेळ बंद ठेवावा लागला, तेवढा वेळ हौसरावांनी माणसं लावून सगळं रान मोकळं करून घेतलं. गोंगाट कमी झाला, गेला नाही. उरलेले काटे ती रोज हातानं फ्लॅग करू लागली. तो हंगाम संपला, पुढच्या थंडीत आकाशाचा तोच पट्टा पुन्हा दुपारी माथ्यावर आला, आणि ती तशीच फ्लॅग करत राहिली. निम्म्याहून जास्त डेटा बाजूला जात होता. उरलेला साठत होता.

साठता साठता त्यातूनही तो उंचवटा वर आला. जागा तीच, उंची जवळपास तीच. सर खूश झाले. एकच गोष्ट दोन वेगळ्या डेटांतून दिसली की तिच्यावर कुणाला शंका घेता येत नाही, असं त्यांनी तिला समजावलं. त्यावर एक लहानसा शोधनिबंध निघाला, त्यात तिचं नाव पहिलं होतं. पण तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. म्हणजे भोंगा बंद करायची गरजच नव्हती. नुसता वेळ जास्त लागला असता.

हे हौसरावांना सांगावं की न सांगावं, यात तिचे काही दिवस गेले. ती म्हणते, मी सांगणारच नव्हते, त्यांनीच विचारलं. संध्याकाळ होती. मुक्ताबाई आत डाव्या हातानं भाजी ढवळत होत्या. भाकरी थापायचं काम आता हौसराव करायचे, आणि ते परातीत पीठ मळत होते.

"गोंगाटातनं बी दिसलं का मग ते तुझं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दिसलं, आबा. उशीर लागला."

हौसरावांचे हात थांबले. परातीच्या कडेला लागलेलं पीठ त्यांनी बोटानं गोळा केलं, गोळ्यात मिसळलं, आणि पुन्हा मळायला सुरुवात केली. पीठ मळून झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, किती भाकरी टाकू.