सुलतानाचे इतिहासकार, मुक्काम मनीषनगर

सर बोटाने कधी काही दाखवत नसत. चार बोटं मिटून, त्यांवर अंगठा ठेवून, त्या अंगठ्याने समोरच्याकडे निर्देश करत. ते जिथे राहून आले त्या देशात माणसावर बोट रोखणं असभ्य समजतात, हे आम्हाला नंतर कळलं. तोवर आमच्या शाळेच्या अध्यक्षांची खात्री झाली होती, की या माणसाने पहिल्याच भेटीत आपल्याला ठेंगा दाखवला.

सर मूळ नागपूरचेच. तरुणपणी मलाय लोकांच्या एका छोट्या सल्तनतीत इतिहासाचे मास्तर म्हणून गेले आणि तिथेच केस पांढरे केले. तिथली भाषा शिकले, दोन पिढ्यांना त्यांचाच इतिहास शिकवला. शेवटी देशाचा इतिहास लिहिणाऱ्या सरकारी मंडळात सुलतानाने त्यांना बसवलं आणि पदवीही दिली. पदवी इतकी लांब, की पुढे नाव घ्यायला श्वास उरू नये. निवृत्तीनंतर ते नागपूरला परतले आणि मनीषनगरात फ्लॅट घेऊन राहिले. मानपत्र भिंतीवर दिसत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "काढून ठेवलं गा. पाहुणे तेच वाचत बसतात, चहा थंडा होते."

मी नागपुरातल्याच नंदनवन भागातल्या शाळेत मराठी शिकवतो. शाळेचा सुवर्णमहोत्सव आला तेव्हा स्मरणिकेत शाळेचा इतिहास हवा, असं ठरलं. अध्यक्षांनी ठेंगा पोटात घातला. राष्ट्रीय इतिहासकार मनीषनगरात मिळत असताना सोडायचा कसा? पहिलं वाक्य त्यांनी तयारच ठेवलं होतं: शाळा त्यांच्या वडिलांनी स्थापन केली. प्रवेशद्वाराशी वडिलांचा अर्धपुतळा होता, त्याखाली हेच कोरलेलं होतं.

सरांनी अट घातली. छापण्याआधी लोकांना वाचून दाखवायचं.

"तिकडे पाण्यात खांबांवर गावं आहेत," ते मला म्हणाले. "लिहिलेलं घेऊन मी त्यांच्या दारापुढच्या फळ्यांवर बसायचो अन् वाचायचो. एका म्हातारीनं अख्खी लढाई काढायला लावली."

"काहून?"

"झालीच नाही म्हणे. तिचा आजा त्या दिवशी तिथंच मासे पकडून राहिला होता."

सरांनी नववीच्या मुलांना वस्तीत पाठवलं. नियम एकच: जे देतील ते आधी खायचं, मग विचारायचं. पोरं तर्री-पोहे खाऊन परतली, आणि एक मुलगी म्हणाली, "सर, शाळा माझ्या आजीनं सुरू केली. मी सांगते त सगळे हासतात."

आजी म्हणजे मागच्या गल्लीतल्या बाई. छप्पनमध्ये धम्मदीक्षा घेतलेल्या घरातल्या. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी वस्तीतली पोरं आपल्या ओसरीवर बसवायला सुरुवात केली होती. आता दिसत जवळजवळ नव्हतं. मी सरांबरोबर गेलो. शाळेच्या इतिहासात आपलं नाव यावं, एवढंच बाईंना हवं होतं, आणि तेही लवकर. "मी मेल्यावर लिहान, त मले कोण वाचून दाखवन?"

वाचनाचा दिवस ठरला. अध्यक्षांना वाटलं, हा सत्काराचाच एक परदेशी प्रकार असावा. त्यांनी मंडप घातला, माइक आणला, हारांची टोपली मागवली. सर उठले आणि वाचू लागले. पहिलंच वाक्य बाईंच्या ओसरीचं होतं. ते संपवून त्यांनी कागद खाली केला आणि विचारलं, "कोणाचं काही म्हणणं?"

अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. "हे काय लिहून राहिले तुम्ही? माझ्या वडिलांनी..."

"बस गा," पुढच्या खुर्चीतून बाई म्हणाल्या. "तुह्या बापाचंच सांगते. माझी ओसरी गळे. त्यानं आपल्या दुकानातले टिनं आणले, सोता वर चढला अन् खिळे ठोकले. हातोडी बसली बोटावर. खाली पोरं हासली, त तोही हासला. उतरल्यावर म्हणते, बाई, इथं पोरं मावत नाही, मी जागा देतो."

अध्यक्ष उभेच राहिले. हसणारा बाप त्यांनी बहुधा पाहिलाच नव्हता. घरी तसबीर होती, शाळेत पुतळा. माइक हातात आहे हे विसरून त्यांनी विचारलं, "कोणतं बोट, बाई?"

"डाव्या हाताचं. मधलं."

"ते नख वाकडंच होतं," साऱ्या मंडपाला ऐकू गेलं. "आम्ही कधी विचारलं नाही."

सरांनी तिथेच टिनं लिहून घेतली, हातोडीही. हार टोपलीतच सुकले.

छपाई चालू असताना सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

स्मरणिका आली, तेव्हा बाईंनी नातीकडून ती पहिल्या पानापासून वाचून घेतली. आपलं नाव आलं तिथे तिला थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "अन् हे लिहिलं कोणं?"

नातीने पानं चाळली. आम्हीही चाळली. सरांनी मजकुरावर आपलं नाव घातलंच नव्हतं.

"मंग माझं म्हणणं हाय," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी बांधलेले गठ्ठे सोडायला लावले. नववीचा वर्ग सभागृहाच्या फरशीवर पेनं घेऊन बसला. पदवी कोणालाच पाठ नव्हती, तेव्हा नुसतं नाव लिहायचं ठरलं. प्रत्येक प्रतीत ते वेगळ्या अक्षरात आहे. कुठे रेघ सोडून वर चढलेलं, कुठे शाई फुटलेलं. बाईंना दिसत नव्हतं, म्हणून लिहिलं की मोठ्याने वाचायचं, असा त्यांनी दंडक घातला. संध्याकाळपर्यंत सभागृहाच्या या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून सरांचं नाव ऐकू येत राहिलं.