कुंकवाला नाही, सहीला चालते

खदान कंपनीच्या साहेबाची बायको करंडा घेऊन माझ्या आईसमोर आली. कोणीतरी तिच्या कानाशी लागलं. तिनं करंडा मागे घेतला आणि पुढच्या बाईकडे सरकली. आईच्या दोन्ही बाजूंच्या बायांना कुंकू लागलं, तिळगूळ मिळाला, वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला. झाकणावर कंपनीचं नाव. आईची ओंजळ अर्धी वर आली होती. ती तिनं पदराखाली नेली. विधवा बाई, दुसरं काय.

मग मी तिच्यापुढे कागद धरला. म्हटलं, सही कर.

हो, मीच. कंपनीनं मला गावसमन्वयक म्हणून ठेवलं होतं. गावातलीच, बी.ए. झालेली, घरोघरी उठबस असलेली. संक्रांतीचं हळदीकुंकू हा आमचा ‘महिला विकास कार्यक्रम’ होता. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा. साहेब म्हणाला होता, नुसती हजेरी आहे, मथळा ऑफिसात टाकू. मी विचारलं नाही. बायांना वाटलं, डबा घेतल्याची सही. हळदीकुंकवाला कागद कोण वाचतं?

बाप गेल्यावर आईला सही मीच शिकवली होती. पाटीवर. तिनं केली. शेजारची काकू म्हणाली, “डबा नाही भेटला तरी सही देऊन राह्यली. मोठ्या मनाची हायेस वं माय.” बाया हसल्या. मीही हसले.

उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत तो कागद पुन्हा दिसला. वर टाइप केलेलं होतं: महिला ग्रामसभेचा ठराव, गायरानावर दुसरी खदान काढायला हरकत नाही. खाली सगळ्या सह्या. गायरान आमच्या शेताला लागून. पहिल्याच खदानीच्या सुरुंगांनी आमच्या विहिरीची बांधणी ढासळली, कपाशीच्या बोंडांवर गिट्टीची भुकटी बसते.

मी साहेबाकडे गेले. तो शांत होता. “सह्या तूच आणल्यास. तुझ्या आईचीही आहे. बोंब मारलीस तर हसं कुणाचं होईल?” वर म्हणाला, विधवांसाठी शिलाई मशिनी येताहेत, आईचं नाव टाकतो.

त्याच दिवशी नोकरी सोडली. घरी सगळं सांगितलं. आई कडबा तोडत होती. तोडतच राहिली. मग म्हणाली, “करंडा मांगं घेतला तवा तू तिथंच उभी होती ना?”

मी तिच्याशेजारी बसले आणि कडबा तोडू लागले.

एक मेच्या ग्रामसभेत साहेब गुळगुळीत पुस्तिका वाटत होता. शाश्वत विकास, गावाची भागीदारी. आतल्या फोटोत आमच्याच बाया, हातात डबे. आई उठली. आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलली.

“साहेब, कुंकू लावाले मी चालत नव्हती. मंग सही कराले कशी चालली?”

सरपंच म्हणाले, बाई, विषयाला धरून बोला. विषय तोच होता. मी उभी राहिले आणि सांगितलं, पान कोरं होतं, सह्या मी घेतल्या, फसवून घेतल्या. माझ्याच गावात, माझ्याच तोंडानं. मागून काकू ओरडली, “डबा मी देत नाही, त्यात शेवया हायेत. सही तेवढी वापस द्या.”

ठराव अजून रद्द नाही. तो रद्द करा म्हणून दिलेला आमचा अर्ज बुलढाण्याला कलेक्टर ऑफिसात पडून आहे. साहेब विचारतो, तुम्हाला हवं तरी काय?

ऐका. आधी विहीर बांधून द्या. सुरुंग वस्तीपासून आणि शेतांपासून लांब न्या. रस्त्यावर रोज पाणी मारा. पहिल्या खदानीतला खोदून झालेला खड्डा बुजवा. गावच्या पोरांना खदानीत कायमची कामं द्या, आणि हे सगळं ग्रामसभेत मोठ्यानं वाचून मग सही मागा. विकास हा शब्द त्यानंतर काढा. डबे तुमच्या बायकोला द्या.

तोवर गायरानाच्या वाटेवर मशीन आलं तर आडव्या आम्ही दोघी असू, माझी आई आणि मी. कोऱ्या पानावर तिची सही मी घेतली. ती मीच परत आणणार.