सातवं घर

माझी आत्या आरोग्य खात्यात मोजणीवाली होती. एखादा विषाणू किती मुलांत पसरलाय हे शोधायला ती गल्लोगल्ली फिरून पोरांचं रक्त घ्यायची. प्रत्येक सातवं घर, त्यातलं दहा वर्षांखालचं एक मूल. दारावर खडूने आकडा, रक्ताच्या नळीवर तोच आकडा, की चालली पुढे. तिला पाहिलं की पोरं पलंगाखाली शिरायची. ती म्हणायची, "लग्न केलं नाही तेच बरं. माझी पोरं पलंगाखालीच लहानाची मोठी झाली असती."

हट्टी इतकी की विचारू नका. सातवं घर बड्या साहेबाचं असो की दारात कुत्रा सोडलेलं, ती तिथेच जाणार. "सोयीची घरं निवडली तर तो आकडा माझा होईल, रोगाचा नाही," म्हणे. बावीस वर्षांत तिने एकच घर सोडलं. आमचं.

तेव्हा यकृतात गुपचूप बसून राहणाऱ्या एका विषाणूची मोजणी चालली होती. घरं मोजत ती आमच्या दारात आली आणि हसली, "लागला बघ तुमचा नंबर." मुलगी पाच वर्षांची. आठवड्यापूर्वीच पडून तिच्या हनुवटीला टाके पडले होते, सुई म्हटलं की रडून काळीनिळी व्हायची. बायको कामावर गेली होती.

मी म्हणालो, "आत्या, पुढच्या घरी जा ना. धडधाकट आहे ती. एका पोरीवाचून तुझी मोजणी काय अडणार आहे?"

"असं चालत नाही रे."

"माझ्यासाठी."

आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. 'माझ्यासाठी' म्हटलं की ती विरघळते, हे मला पक्कं ठाऊक होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. तिने वहीत 'घरी कोणी नाही' असं लिहिलं आणि शेजारी गेली.

शेजारच्या मुलाच्या रक्तात विषाणू सापडला. निकाल थेट आईबापांच्या हाती जायचा, आणि त्यांनी लाजेपायी अवाक्षर काढलं नाही. त्याला गोळ्या सुरू झाल्या. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सहा वर्षांनी आमच्या मुलीचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. तोच विषाणू. यकृत बरंचसं गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत मोजणी झाली होती ना? तेव्हा सापडलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं."

"मग आपलं घर सुटलं कसं?" बायकोने विचारलं.

आत्या बाकावरून उठली. "मी सोडलं, सूनबाई. पोर रडेल म्हणून माझाच धीर झाला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीची पाण्याची बाटली हातात धरून मी तिथेच उभा होतो.

त्या दिवसापासून बायकोने आत्याचं तोंड पाहिलेलं नाही. मुलीला आता दुसऱ्या कुणाचं तरी यकृत मिळायची वाट पाहायची आहे. आत्या मला कामाच्या ठिकाणी फोन करते. "आज काही खाल्लं का तिने?" एवढंच विचारते.

एकदा मी म्हणालो, "आत्या, तुझ्या सूनबाईला खरं काय ते सांगून टाकतो."

"गप बस," ती म्हणाली. "पोरीला आत्ता आईबाप दोघं लागणार आहेत. मी नसले तरी चालेल."

सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला हायसं वाटलं.